हौसाने गूळ खाल्ला नाही

ऊस जिथे घराच्या वळचणीहून उंच वाढायचा, अशा एका गावात फार पूर्वी भांडायला बंदी होती.

ही बंदी कोणी दवंडी पिटून घातलेली नव्हती. सगळा कारभार गोडीगुलाबीचा. गाव गुळाचं. दिवाळी सरली की शिवारात गुऱ्हाळं पेटायची, उसाचा रस मोठमोठ्या काहिलींत उकळायचा आणि त्या वासाने वाटसरूसुद्धा वाट वाकडी करून गावात शिरायचे. या गावच्या कुणा शहाण्या पूर्वजाने एक रीत घालून दिली होती. दोघांचं भांडण झालं, की तिसऱ्याने मध्ये पडायचं आणि दोघांच्या तोंडात एकेक गुळाचा खडा घालायचा. खडा विरघळेपर्यंत बोलायचं नाही. विरघळला की भांडण मिटलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. काढलंच, तर आणखी मोठा खडा. या रीतीला गावात 'गूळतोंड' म्हणत.

पोरांच्या मारामारीला सुपारीएवढा खडा, बांधाच्या तंट्याला लिंबाएवढा, आणि सासू-सुनांच्या घरी तर आख्खी ढेपच फोडून ठेवलेली असे. दरबारातही या गावाचं भारी कौतुक. दर वर्षी संक्रांतीच्या आसपास दरबारचा कारभारी घोड्यावर बसून यायचा, चावडीवर पाय मोकळे करायचा आणि विचारायचा, "गावात भांडण?" सगळं गाव एका सुरात सांगायचं, "नाही!" मग तो पाटलाच्या खांद्यावर रेशमी शेला घालायचा. तो शेला पाटील वर्षभर मिरवायचा, अगदी बैल धुवायला जातानासुद्धा.

आता खरं सांगायचं तर या गावाइतके किडके दात पंचक्रोशीत कुठे नव्हते. आणि इतके अबोलेही कुठे नव्हते. एका विहिरीवर दोन सख्खे भाऊ पाणी शेंदायचे. नऊ वर्षांपूर्वी दोराच्या तुकड्यावरून त्यांचं वाजलं होतं आणि लिंबाएवढा गूळ खाऊन मिटलंही होतं. तेव्हापासून एक विहिरीवर आला की दुसरा पाठ फिरवून उभा राहायचा. बोलणं नाही, बघणं नाही. पण भांडण? छे हो, भांडण कुठे होतं!

गावची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. शिकवायला एक पंतोजी होते. त्यांच्या डाव्या हातात छडी असे आणि कमरेला गुळाची पिशवी. माणूस वाईट नव्हता. छडी त्यांनी वर्षात दोनदाही उचलली नसेल. पिशवीचं तोंड मात्र दिवसातून दहादा उघडायचं.

याच शाळेत हौसा शिकत होती. वय दहा, अंगाने काटकी, आणि मनात आलेलं ओठांवर यायला क्षणही लागत नसे. तिचा बाप गावातला सगळ्यात नावाजलेला गुळव्या, म्हणजे रस कधी शिजला आणि काहील कधी उतरवायची हे सांगणारा जाणकार. दोन वर्षांपूर्वी एक काहील कलंडली आणि उकळता रस त्याच्या उजव्या हातावर गेला. जीव वाचला, पण बोटं आत वळली ती कायमचीच. तेव्हापासून तो डाव्या हाताने काम करायचा आणि उजवा हात उपरण्याखाली ठेवायचा.

हौसाची जिवाभावाची मैत्रीण गजरा. तिचा बाप गुऱ्हाळाच्या चरकावर बैल हाकायचा. दोघी इतक्या एकजीव, की एक बोर मिळालं तरी अर्धं-अर्धं चावून खायच्या.

आणि एके दिवशी त्या दोघींचंच बिनसलं.

दुपारची सुट्टी झाली होती. पोरं ओवरीच्या पायऱ्यांवर भाकरी खात होती. गजराच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, ती उठली, उजव्या हाताची बोटं तिने आत वळवली, हात पोटाशी धरला आणि डाव्या हाताने खोटीखोटी काहील ढवळत म्हणाली, "सरका, सरका! गूळ उतरवायचाय! आई गं, भाजलं!"

पोरं खो-खो हसली. नक्कल अगदी हुबेहूब उतरली होती. हौसा पेटून उठली आणि तिने गजराला असं ढकललं, की ती दोन पायऱ्या खाली जाऊन पडली. कोपर फुटलं. रक्त आलं.

पंतोजी धावत आले. काय झालं, कसं झालं, काही न विचारता त्यांनी पिशवीत हात घातला. सुपारीहून मोठे दोन खडे काढले. गजराने रडत-रडत तोंड उघडलं आणि खडा घेतला. हौसाने दोन्ही ओठ आत घेऊन घट्ट मिटले.

"उघड तोंड," पंतोजी म्हणाले.

हौसाने मान हलवली.

"हौसा, आ कर."

"मी गूळ खाणार न्हाई," हौसा म्हणाली. "मला आधी बोलायचंय."

या गावात गुळाला नाही म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पंतोजींना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही गफलत झाली.

"काय बोलायचंय?"

"तुमाला न्हाई. गजराला सांगायचंय. तिनं काय केलं आन् मला काय झालं, ते."

"काही सांगायचं नाही आणि काही ऐकायचं नाही. बोलण्याने बोलणं वाढतं. खडा खा आणि मोकळी हो."

"मोकळी कशी हुईन? तोंडात खडा हाय म्हून नुसती गप बसंन."

पंतोजींचे कान लाल झाले. त्यांनी तो खडा ओवरीच्या पहिल्या पायरीवर ठेवला. "हा इथे राहील. खाशील तेव्हा आत ये. तोवर ओवरीत पाऊल टाकायचं नाही. आणि मुलांनो, तिने गूळ खाईपर्यंत कुणी तिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही."

हौसाने धूळपाटी उचलली, पायरीवरचा खडा ओलांडला आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. जाता-जाता गजराकडे एकदा पाहिलं. गजराचा गाल गुळाने फुगला होता आणि डोळे पाण्याने. तीही हौसाकडेच बघत होती. मग तिने मान फिरवली. अगदी तशीच, जशी विहिरीवरचे भाऊ फिरवायचे.

ती मान फिरवणं हौसाच्या काळजात रुतलं. तिला राग होता, पण रागाहून मोठी भीती होती. खडा खाल्ला तर उद्या पुन्हा शेजारी बसू, बोरं खाऊ, हसू. आणि आतलं आतच राहील. मग एक दिवस दोघी मोठ्या होतील, विहिरीवर भेटतील आणि एकमेकींना पाठ दाखवतील. हौसाला गजरा हवी होती, खरीखुरी. म्हणून तर ती गुळाला नाही म्हणत होती. पण हे ऐकणार कोण?

संध्याकाळ व्हायच्या आत ती गुऱ्हाळावर बापाकडे गेली. काहिलीत रस उकळत होता. बापाने रसात भेंडीचं पाणी सोडलं. तशी रसातली सगळी घाण, म्हणजे मळी, फेसासारखी वर आली. डाव्या हातातल्या झाऱ्याने तो ती काढून टाकू लागला.

"आबा," हौसा म्हणाली, "मळी काढलीच न्हाई आन् वर नुसतं झाकण ठिवलं तर?"

"खुळी का काय तू? गूळ काळा पडंल. पावसाळा लागायच्या आत पाझरंल. कुत्रंबी हुंगणार न्हाई."

"मग मानसाची मळी आत ठिवून वर गूळ कशाला लावायचा?"

बापाचा झारा थांबला. शाळेतली बातमी त्याच्या कानावर आलीच होती. रसाकडे बघत तो म्हणाला, "पोरी, लहान पोरं हायती. हसली आसतील. खा खडा नि सोड. माझ्या हाताला काय हुतंय त्यानं?"

"तुमाला दुखलं का न्हाई, तेवढं सांगा."

बापाने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग त्याने गूळ थंड व्हायला ओततात त्या शेजारच्या वाफ्यातला एक तुकडा मोडला आणि मुकाट्याने स्वतःच्याच तोंडात टाकला.

हौसाला रडूच कोसळलं. आपल्या बापाला दुखलंय, आणि त्याला ते म्हणतासुद्धा येत नाही! तिने डोळे पुसले आणि ठरवलं, की आता तर खडा खायचाच नाही. जग इकडचं तिकडे होऊ दे.

दुसरा दिवस गेला. हौसा कडुलिंबाखालीच. ऊन सरकेल तशी ती सरकायची. आतून पाढे ऐकू यायचे, ती बाहेरून म्हणायची. मधल्या वेळात धूळपाटीवर गजराला द्यायच्या शिव्या लिहायची आणि तळव्याने पुसून टाकायची. येणारेजाणारे थांबून उपदेश करत होते. एक म्हातारी म्हणाली, "एवढा ताठा पोरीच्या जातीला बरा न्हवं." हौसा म्हणाली, "आजी, तुमच्या सुनंशी तुमी शेवटचं कधी बोललासा?" म्हातारी काठी आपटत निघून गेली.

तिसऱ्या दिवशी पायरीवरच्या खड्याला मुंग्या लागल्या. पंतोजींनी तो झटकून नवा ठेवला. हौसा हसली. पंतोजींना ते हसू झोंबलं.

चौथ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः आला. खांद्यावर गेल्या वर्षीचा शेला, कपाळावर आठ्या. कारभाऱ्याचा घोडा वेशीपर्यंत आला होता, आणि चावडी देवळाच्या अगदी समोर. एक पोरगी झाडाखाली रुसून बसलेली दिसली, तर कारभारी विचारणार, ही कोण आणि इथे का? म्हणजे शेला गेलाच!

"पंतोजी, कसं का हुईना, खडा हिच्या तोंडात घाला," पाटील म्हणाला. "आन् हिला शाळंत बसवा."

पंतोजी पुढे झाले. या खेपेला खडा लिंबाएवढा होता. "बाळ, हट्ट पुरे. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मला बोलू द्या, मग खाते," हौसा म्हणाली. "एवढंच तर म्हणतेय. गुळाशी काय माझं वैर हाय?"

"आधी गूळ!"

"आधी बोलणं!"

पाटलाचा धीर सुटला. तो खाली वाकला आणि त्याने दोन बोटांनी हौसाचे गाल दाबले. पंतोजींनी खडा ओठांवर टेकवला. हौसाने दात घट्ट आवळले. गूळ ओठांवर पसरला, हनुवटीवर ओघळला, परकरावर पडला. पण दातांची फट काही उघडली नाही. तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी घळाघळा वाहत होतं.

तेवढ्यात ओवरीतून एक किंकाळी आली.

"सोडा तिला!"

गजरा पायऱ्या उतरून धावत आली आणि तिने पाटलाचा हात धरून खेचला. पाटील इतका चकित झाला, की त्याने खरंच सोडलं. समोर चावडीवर कारभारी नुकताच घोड्यावरून उतरत होता. एक पाय रिकिबीत, एक जमिनीवर, अशा अवस्थेत तोही थबकला.

गजरा हौसासमोर उभी राहिली. छाती धपापत होती. "बोल," ती म्हणाली. "काय बोलायचंय ते बोल एकदाचं."

चार दिवस ज्याची वाट पाहिली, ते दार उघडलं. आणि हौसाच्या तोंडातून निघालं काय?

"तू माकडतोंडी हायस!"

"तू भांडकुदळ हायस!" गजरा म्हणाली.

"तू दुष्ट हायस! सटवी!"

"तूच सटवी! गुळव्याची म्हून लई टेंभा मिरवतीस!"

"बघा!" पंतोजी ओरडले. "बघा, म्हणून गूळ! तोंड उघडलं की हेच बाहेर पडतं!" आणि त्यांचा हात पुन्हा पिशवीत गेला.

हौसा गप्प झाली. पंतोजींच्या पिशवीला ती भ्यालेली नव्हती. तिला लाज वाटली, ती वेगळ्याच गोष्टीची. चार दिवस उन्हात काढले ते काय गजराला माकडतोंडी म्हणायला? धूळपाटीवर लिहिलेलं सगळं बोलून झालं होतं, आणि जे सांगायचं होतं त्यातला एक शब्दही अजून सांगून झालेला नव्हता. गजरा कशी आहे ते सांगून काय उपयोग? ते तर तिचं तिला ठाऊक. हौसाला काय झालं, ते मात्र गजराला ठाऊक नव्हतं.

तिने परकराच्या टोकाने तोंडावरचा गूळ पुसला.

"थांबा पंतोजी. मी चुकीचं बोलले. पुन्हा बोलते." मग ती गजराकडे वळली. आवाज अगदी खाली आला होता. "तू हात वाकडा केलास नि समदी हसली. तवा मला वाटलं, आबाच हितं पायरीवर उभा हाय आन् समदी त्याला हसत्यात. तो रोज हात लपवतो, गजरा. जेवतानाबी लपवतो. तुला ठावं हाय. आपण दोघींनीच त्याच्या हाताला कोरफड लावली हुती. दुसऱ्या कुणी केलं आसतं तर एवढं लागलं नसतं. मला रडू आलं, समद्यांच्या म्होरं रडायची लाज वाटली, म्हून तुला ढकललं. तुझं कोपर फुटलं. ते बघून मला आनखीच रडू आलं."

एवढं बोलून ती थांबली. तिला वाटलं, आता गजरा रडेल, चुकलं म्हणेल आणि गळ्यात पडेल. आपण जिंकलो.

गजरा रडली नाही. ती म्हणाली, "आता माझं ऐकशील?"

"तुझं काय?"

"श्रावणातलं. ह्याच कडुलिंबाच्या झोक्यावर. आठवतंय?"

हौसाला आठवलं, आणि आठवल्याबरोबर आठवायला नको असं वाटलं.

"माझी आई तापानं अंथरुणात पडली हुती," गजरा म्हणाली. "पंधरा दिस माझी वेणी घालायला कुणी न्हवतं. झोक्यावर समद्या पोरींच्या म्होरं तू म्हणालीस, 'हिच्या शेजारी मी न्हाई बसणार, हिच्या डोक्यात उवा हायती.' आन् उडी मारून पलीकडं जाऊन बसलीस. मी तुला चावले. पंतोजींनी दोघींना गूळ दिला. मिटलं. तू दुसऱ्या दिशी काकडी घेऊन आलीस, मी खाल्ली. पर मला रोज वाटायचं, हिला माझी किळस येती. रोज. पाच म्हैनं. म्हून त्या दिशी मी तुझ्या आबाचा हात केला. तुला कुठं लागंल ते मला पक्कं ठावं हुतं."

सगळं गाव उभं राहून ऐकत होतं. हौसाच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. बोलायचा हट्ट तिने धरला होता, ऐकण्याची तयारी मात्र केली नव्हती. आणि आता सगळे तिच्याकडे बघत होते.

पंतोजींच्या हातात खडा होता. त्यांनी तो हळूच पुढे केला. "घे," ते अगदी मायेने म्हणाले. "घे बाळ. पुरे झालं."

आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, चार दिवसांत पहिल्यांदा हौसाला तो खडा हवासा वाटला. एकदा तोंडात टाकला की काही बोलायला नको. गजराच्या डोळ्यांकडे बघायला नको. विरघळेपर्यंत गप्प बसायचं, मग मिटलं. गावातली मोठमोठी माणसं हेच करत आली होती, आणि का करत आली होती ते तिला आत्ता कळलं. गूळ किती गोड लागतो, हे चुकलेल्या माणसालाच कळतं.

तिचा हात अर्धा वर गेला. मग तिने पंतोजींचा हात बाजूला सारला.

"न्हाई," ती म्हणाली. "नको."

ती गजराकडे वळली. आता शब्द अडखळत येत होते. "व्हय. मी म्हणाले तसं. तुझी आई आजारी हाय ते मला ठावं हुतं. तरी म्हणाले. त्या पोरी तुला हसत हुत्या. तुझ्याजवळ बसले तर मलाबी हसतील, म्हून मी भ्याले. किळस न्हवती आली, गजरा. मी भित्री झाले. चुकलं माझं."

गजराचा खालचा ओठ थरथरला. "माझंबी चुकलं," ती म्हणाली. "आबाचं काय करू?"

"त्याला जाऊन सांग. मी संगं येते."

एवढंच झालं. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. दोघी आपापलं नाक पुसत उभ्या राहिल्या. गजराने हौसाच्या हनुवटीला चिकटलेला गूळ बोटाने काढला आणि तो आपल्याच परकराला पुसला.

कारभाऱ्याने चावडीवरून हाक दिली, "पाटील, गावात भांडण?"

पाटलाने सवयीने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी हौसा मोठ्याने म्हणाली, "हाय! पर आमी बोलतोय!"

कारभारी हा दरबारी माणूस. त्याच्या कागदावर 'आहे' आणि 'नाही' अशा दोनच जागा होत्या. त्याने शेल्याची घडी पुन्हा पिशवीत घातली, घोड्याला टाच मारली आणि तो निघून गेला. पाटलाने कपाळावर हात मारून घेतला. त्या वर्षी गावाला शेला मिळाला नाही. त्यामुळे कुणी थंडीने मेल्याचं काही ऐकिवात नाही.

दोघी तडक गुऱ्हाळावर गेल्या. गजरा काहिलीपासून चार हात लांब उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आबा, मी तुमच्या हाताची नक्कल केली. पोरं हसली."

गुळव्याची नजर वाफ्यातल्या गुळाकडे गेली. हौसाने श्वास रोखून धरला. मग त्याने उपरणं बाजूला केलं, वळलेला हात पुढे काढला आणि म्हणाला, "दुखलं मला, पोरी. ऐकलं तवा लई दुखलं." त्याचा आवाज फुटला. "पर तू सांगाय आलीस, ते बरं केलंस."

दोन वर्षांत त्याने तो हात पहिल्यांदा उजेडात धरला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. पायरीवर खडा नव्हता. हौसा आत येऊन गजराशेजारी बसली. पंतोजी आले, पण त्यांनी पाढे सुरू केले नाहीत. ते दोनदा खाकरले, एकदा छडी इकडची तिकडे ठेवली. मुलांना वाटलं, आता हौसाची खैर नाही.

"हौसा, उभी राहा," पंतोजी म्हणाले. "तू उद्धट..." एवढं म्हणून ते थांबले. डोळे मिटले. पुन्हा सुरुवात केली. "तू सगळ्यांसमोर मला नाही म्हणालीस, तेव्हा मला राग आला. आणि भीती वाटली. ही पिशवी गेली तर मुलं माझं ऐकतील की नाही, याची. इतकी वर्षं मी तुमची तोंडं बंद केली, कारण तुमच्यात काय चाललंय ते ऐकायला मला धीर होत नव्हता." त्यांनी घाम पुसला. "माझं बोलून झालं. आता तुझं."

पंतोजींना असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. तरी ती बोलली. "तुमी मला उन्हात बसवलंत. काय झालं ते इचारलंबी न्हाई. पाटलानं गाल दाबले तवा तुमी त्याला आडवलं न्हाई. मला वाटलं, पंतोजींना मी नकोच हाय."

पंतोजींचा चेहरा उतरला. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर येईना. साठ वर्षांच्या आयुष्यात 'चुकलं' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारलेला नव्हता. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. पोरं चुळबुळ करू लागली. कुणीतरी खुदकन हसलं. हौसाने मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की हसू जागच्या जागी विरलं.

मग ती पंतोजींकडे वळली.

"सावकाश म्हणा, पंतोजी," ती म्हणाली. "आमी थांबतो."

तात्पर्य: गिळलेलं भांडण मिटत नाही, ते पोटात मुक्काम करतं. आपल्याला कुठे दुखलं ते शब्दांत सांगावं, आणि समोरच्याला कुठे दुखलं तेही ऐकून घ्यावं. या दुसऱ्या कामाला मारामारीपेक्षा मोठी छाती लागते.